पॉडकास्टच्या आधीची तीस वर्षं

दहावी-बारावीचे निकाल लागले की पालकांच्या प्रश्नांत दरवर्षी काहीतरी नवी भर पडते. एके काळी अॅनिमेशनची पडली, मग यूट्यूबची. आता पॉडकास्टची पाळी आहे. मुलगी शेजारी मान खाली घालून बसलेली असते आणि वडील विचारतात, “याचा कोर्स किती वर्षांचा? प्लेसमेंट होते का?” प्रश्न चुकीचा नाही. ज्यांनी फी भरायची त्यांनी तो विचारायलाच हवा. पण त्याचं उत्तर कुठल्या माहितीपत्रकात सापडत नाही. या क्षेत्रात टिकलेल्या माणसाने कोणत्या वर्षी काय केलं हे पाहिलं, की ते थोडंफार हाती लागतं. म्हणून इथे एकाच माणसाचं करिअर उलगडून बघू. तो अमेरिकेतला आहे. त्याच्या कामाच्या तारखा सगळ्यांसमोर आहेत, आणि आपल्याकडची वाट नेमकी कुठे वेगळी होते तेही त्यातून कळतं.

विल फ्रीडलचा जन्म 1976 चा, कनेटिकट राज्यातल्या हार्टफर्डचा. आई-वडील दोघंही वकील. शाळकरी वयातच तो निकेलोडियन वाहिनीवर मुलांच्या एका कार्यक्रमात सहनिवेदक होता. 1993 मध्ये एबीसी वाहिनीवर ‘बॉय मीट्स वर्ल्ड’ ही विनोदी मालिका सुरू झाली आणि नायकाच्या थोरल्या भावाची, एरिकची, भूमिका त्याला मिळाली. मालिका सात वर्षं चालली, 158 भाग झाले. 2000 साली ती संपली तेव्हा तो तेविशीत होता. त्या वयात आपली मुलं पहिली नोकरी शोधत असतात. याची पहिली नोकरी संपलेली होती.

“पुढे काय?” हा पालकांचा प्रश्न इथेच येतो, आणि तो रास्त आहे. मालिका संपल्यावर पुन्हा न दिसलेले चेहरे आपल्याकडेही पुष्कळ आहेत. फ्रीडलच्या बाबतीत तर आणखी एक अडचण होती. विशीत त्याला तीव्र चिंतेचे झटके येऊ लागले, आणि कॅमेऱ्यासमोर उभं राहणं अवघड होऊन बसलं. हे त्याने स्वतःच पुढे अनेकदा जाहीरपणे सांगितलं आहे.

पण तारखा नीट पाहा. ‘बॅटमन बियाँड’ ही कार्टून मालिका जानेवारी 1999 मध्ये सुरू झाली आणि तिच्यातल्या तरुण बॅटमनचा, टेरी मॅकगिनिसचा, आवाज फ्रीडलचा होता. तेव्हा ‘बॉय मीट्स वर्ल्ड’ अजून चालूच होती. एक काम संपायच्या आत दुसऱ्याची सुरुवात झाली होती. कॅमेऱ्यासमोरचं दार जड होऊ लागलं तेव्हा स्टुडिओचं दार आधीच किलकिलं होतं. या मालिकेत म्हाताऱ्या ब्रूस वेनचा, म्हणजे मूळ बॅटमनचा, आवाज केव्हिन कॉनरॉयचा, आणि आवाजांचं दिग्दर्शन अँड्रिया रोमानो यांचं. कलाकारांना शक्यतो एकत्र बसवून, नाटकाच्या वाचनासारखं ध्वनिमुद्रण करून घेण्यासाठी त्या ओळखल्या जातात. विशीतल्या पोराला यापेक्षा चांगली शाळा कुठली मिळणार?

त्यानंतर डिस्नेची ‘किम पॉसिबल’, 2002 ते 2007. तिच्यातला नायिकेचा वेंधळा मित्र रॉन हा आवाज त्याचाच. पुढे ‘थंडरकॅट्स’मधला लायन-ओ, ‘गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी’च्या कार्टून मालिकेतला स्टार-लॉर्ड. रस्त्यात कुणी ओळखू नये आणि तरी काम थांबू नये, अशी ही मधली वर्षं. करिअरच्या लेखांत असली वर्षं गाळलेली असतात. माझ्या मते मुलांनी अभ्यासायची ती हीच.

जून 2022 मध्ये ‘बॉय मीट्स वर्ल्ड’मधले सहकलाकार डॅनिएल फिशेल आणि रायडर स्ट्राँग यांच्यासोबत त्याने ‘पॉड मीट्स वर्ल्ड’ सुरू केला. कल्पना अगदी साधी. आपल्याच मालिकेचे भाग पहिल्यापासून पुन्हा बघायचे आणि त्यांवर गप्पा मारायच्या. पाठीशी आयहार्ट ही मोठी रेडिओ कंपनी. कार्यक्रम गाजला, पुढे गावोगावच्या थिएटरांत प्रेक्षकांसमोर त्याचे प्रयोगही झाले. ‘किम पॉसिबल’मधल्या सहकलाकार क्रिस्टी कार्लसन रोमानो यांच्याबरोबर त्याने आवाजाच्या कामावरचा एक पॉडकास्टही केला.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, तिघं मित्र माइकसमोर बसले आणि चाललं. प्रत्यक्षात ऐकणारे 1993 पासून जमत आलेले होते. पाहुणे बोलवायला ओळख काढावी लागत नव्हती, आणि बोलायचा विषय 158 भागांनी आधीच तयार करून ठेवला होता. पॉडकास्ट हे या करिअरचं शेवटचं पान आहे, आणि आपल्याकडची मुलं तेच पहिलं पान समजून वही उघडतात. मराठीतही हेच दिसेल. सुलेखा तळवलकर यांचा ‘दिल के करीब’ घ्या. समोरचा कलाकार मोकळा होतो, कारण विचारणारी बाई त्याच व्यवसायात वर्षानुवर्षं उभी राहिलेली आहे. नवख्याने पॉडकास्ट करू नये असं मी म्हणत नाही. करावा. पण तो सरावाची वही म्हणून करावा, पोटापाण्याचा धंदा म्हणून नव्हे. निदान पहिली काही वर्षं तरी.

आता आपल्याकडे या. मुंबईतलं आवाजाचं काम बरंचसं अंधेरी आणि आसपासच्या स्टुडिओंत चालतं, आणि त्यातलं बहुतेक डबिंगचं असतं. इथे अमेरिकेतल्या कार्टूनपेक्षा कामाची पद्धतच उलटी होते. तिथे सहसा आवाज आधी मुद्रित होतो आणि चित्र त्यावर बेतलं जातं. आपल्याकडे चित्र तयार होऊन आलेलं असतं. कानात मूळ भाषेतला संवाद, डोळ्यांसमोर परक्या माणसाचे हलणारे ओठ, हातात मराठी किंवा हिंदी संवाद, आणि या तिन्हींचा मेळ घालत अभिनय करायचा. नवा मुलगा सुरुवातीला ‘क्राउड’मध्ये उभा राहतो. बाजारातला गलका, लग्नातली कुजबुज, पळणाऱ्या जमावाची आरोळी. तिथे जो वेळेवर येतो, तहान लागली तरी टेकच्या मध्ये पाण्याची बाटली वाजवत नाही आणि दिग्दर्शकाने सांगितलेला बदल पहिल्या खेपेत पकडतो, त्याला पुढे दोन ओळींचा पोलिस मिळतो. सुंदर आवाज असून वाचता न येणारी मुलं इथे लवकर गळतात. समोर आलेला कागद अडखळत वाचणं, हा या धंद्यातला सर्वांत मोठा अडसर आहे. त्यावरचा उपाय फुकट आहे: रोज मोठ्याने वाचन. पेपरचा अग्रलेख, पुलंचं एखादं व्यक्तिचित्र, बँकेचं पत्रक, काहीही चालेल.

“आमच्या मुलाची भाषा गावाकडची आहे” ही तक्रार पालक आवाज खाली करून सांगतात. कशाला? प्रमाण मराठीही यायला हवी, यात वाद नाही. पण ज्याला प्रमाण मराठीबरोबर वऱ्हाडी, मालवणी किंवा अहिराणी खरीखुरी बोलता येते, त्याच्याकडे एक जास्तीचं हत्यार आहे. ते घासून पुसून टाकू नका.

आणि अडखळणाऱ्या मुलाचं काय? शरद केळकर यांचं उदाहरण मला नेहमी आठवतं. मूळचे ग्वाल्हेरचे. लहानपणापासून आपण अडखळत बोलायचो, हे त्यांनी मुलाखतींमधून सांगितलं आहे. दूरदर्शनवर छोट्या भूमिकांपासून सुरुवात करून ते मालिकांत नायक झाले, आणि हिंदी ‘बाहुबली’त प्रभासचा आवाज त्यांचा आहे. ‘तान्हाजी’मधले शिवाजी महाराजही त्यांनीच साकारले. मात्र याचा उलटा अर्थ काढू नका. लाजाळू किंवा घाबरणाऱ्या मुलासाठी आवाजाचं क्षेत्र ही लपायची जागा आहे, असं काही पालकांना वाटतं. स्टुडिओच्या काचेपलीकडे चार-पाच माणसं बसलेली असतात आणि घड्याळावर पैसे चालू असतात. भीतीचा त्रास खरा असेल तर त्यावर समुपदेशक किंवा डॉक्टर हाच इलाज. करिअर बदलणं हा इलाज नव्हे.

शिक्षण कुठे घ्यायचं? आधी पदवी घ्या, कोणत्याही शाखेची, आणि कॉलेजात असताना रंगमंच सोडू नका. पुण्यात पुरुषोत्तम करंडक ही महाविद्यालयांची एकांकिका स्पर्धा 1963 पासून चालू आहे. त्या तालमींत जे मिळतं ते महिनाभराच्या ‘व्हॉइस ओव्हर वर्कशॉप’मध्ये मिळत नाही. नाटकाचं रीतसर शिक्षण हवं असेल तर पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स आहे. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय प्रवेशाला अवघड आहे, तरी प्रयत्न करावा असंच. आकाशवाणी केंद्रं नैमित्तिक निवेदकांसाठी स्वरचाचणी घेतात आणि नाट्यकलाकारांची श्रेणीही ठरवतात. पैसे थोडे, पण पाच सेकंदही उशीर चालत नाही ही शिस्त तिथे अंगात भिनते. ऑडिओबुक ऐकवणारी स्टोरीटेल ही कंपनी 2017 मध्ये भारतात आल्यापासून मराठी ऑडिओबुकचंही काम वाढलं आहे. सातआठ तासांचं पुस्तक एका सुरात, पात्रांचे आवाज सांभाळत वाचणं ही वेगळीच कसोटी. तिथे कार्टूनचा गडबडगुंडा उपयोगी पडत नाही.

महागडा माइक लगेच घेऊन देऊ नका. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्यापुढे बसलं की घुमणारा आवाज बराच कमी होतो. कसलेले कलाकारही प्रवासात हेच करतात. ‘ऑडॅसिटी’ हे संपादनाचं सॉफ्टवेअर फुकट आहे. ‘प’, ‘फ’, ‘भ’ म्हणताना हवेचा फटका माइकवर बसतो, म्हणून माइक तोंडाच्या थोडा बाजूला धरायचा. सहा महिने एवढ्यावर काढले तर पुढचा खर्च करण्याजोगा आहे की नाही, हे मुलाला स्वतःलाच कळतं.

पैशांबद्दल स्पष्ट बोलायला हवं. अमेरिकेत कलाकारांची संघटना भक्कम आहे. मालिका पुन्हा दाखवली तर कलाकाराला ठरलेला वाटा मिळतो, आणि त्या वाट्यांच्या व कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रश्नांवर 2023 मध्ये तिथले कलाकार 118 दिवस संपावर होते. फ्रीडलला मधली शांत वर्षं निभावता आली ती अशा व्यवस्थेत. आपल्याकडे मालिकेचं किंवा डबिंगचं मानधन सहसा एकदाच मिळतं, आणि मालिकांत ते हातात पडायला काम झाल्यावर 90 दिवस जाणं हे रोजचंच. मुंबईत भाड्याने राहणाऱ्या मुलाला निदान चार महिन्यांचा खर्च बाजूला लागतो. म्हणून शिकवणी, भाषांतर, संपादन किंवा अर्धवेळ नोकरी असा दुसरा आधार ठेवणं हा कलेचा अपमान नव्हे. अनुवाद येणाऱ्या मुलांना तर डबिंगचे संवाद लिहायचं कामही मिळू शकतं, आणि ते आवाजाच्या कामापेक्षा जास्त नियमित असतं.

घशाचा विषय घरात हसण्यावारी नेला जातो. अमेरिकेतले रॉब पॉलसन, ‘पिंकी अँड द ब्रेन’मधला पिंकीचा आवाज, हेही कार्टूनच्या आवाजांवर पॉडकास्ट चालवायचे. 2016 मध्ये त्यांना घशाचा कर्करोग झाला. उपचारांनंतर ते पुन्हा माइकपुढे आले. आपल्या मुलाचा आवाज दोन-तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला, तर हळद-दुधावर न थांबता कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे न्या.

लहान वयात मुलाला पडद्यावर आणू पाहणाऱ्या पालकांसाठी ‘पॉड मीट्स वर्ल्ड’चा 2024 च्या सुरुवातीचा एक भाग महत्त्वाचा आहे. त्यांच्या परिचयातल्या एका प्रौढ कलाकाराला बाललैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यात शिक्षा झाली, तेव्हा तरुण फ्रीडल आणि स्ट्राँग त्याला पाठिंबा द्यायला कोर्टात हजर राहिले होते. वीस वर्षांनी दोघांनी माइकसमोर बसून आपण कसे फसवले गेलो आणि कुठे चुकलो ते सांगितलं. आपल्याकडे 2017 च्या नियमांनुसार बालकलाकाराला दिवसात पाच तासांपेक्षा जास्त, आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. निर्मात्याला जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. शाळा बुडू नये म्हणून सलग 27 दिवसांहून अधिक काम नाही. मुलाच्या कमाईतली निदान 20 टक्के रक्कम त्याच्या नावावर मुदत ठेवीत जायला हवी. सेटवर पहिल्या दिवशी हे कागद मागा. कुणी “एवढं काय त्यात” म्हणालं तर मुलाला घेऊन घरी या.

उरला प्रश्न यंत्राच्या आवाजाचा. जाहिरातींचं साधं निवेदन, फोनवरच्या सूचना, माहितीपटाचा सपाट आवाज ही कामं यंत्राकडे जाऊ लागली आहेत, आणि नवख्यांची पहिली कमाई बहुतेक याच कामांतून व्हायची. 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंह यांच्या आवाजाची यंत्राने केलेली नक्कल वापरायला मनाई केली. पण ते अरिजित सिंह आहेत, त्यांच्याकडे वकिलांची फौज उभी राहू शकते. वीस वर्षांच्या मुलीकडे असतो फक्त करार, आणि तोही पुष्कळदा स्टुडिओच्या दारात उभ्या उभ्या सही करायचा. ‘सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी’ असे शब्द त्यात असतील तर थांबून विचारायचं: या ध्वनिमुद्रणावरून यंत्राला माझा आवाज शिकवणार आहात का? हो असेल तर त्याचे पैसे वेगळे किती, आणि किती वर्षांसाठी? उत्तर तोंडी मिळालं तर ते त्याच दिवशी ईमेलवर लेखी मागून घ्या, आणि तो ईमेल वडिलांच्या फाइलमध्ये भाडेकराराशेजारी लावा.