माळ्यावरचा लाकडी बैल



जाम परिसरातील घरांना आशीर्वाद देत फिरताना आम्हांला खेळण्यांनी भरलेली टोपली दिसते, आणि तिच्याशेजारी "खेळायला काहीच नाही" म्हणून रुसलेले मूल. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतील टोलेडो विद्यापीठाच्या संशोधकांनी दीड ते अडीच वर्षांच्या 36 मुलांना एकदा 4 आणि एकदा 16 खेळणी दिली. चारच असताना मुले एकेका खेळण्यात अधिक वेळ रमली, त्याच्याशी निरनिराळ्या तऱ्हांनी खेळली.

आपल्या विदर्भाला हे आधीच ठाऊक असावे. तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल आठवा. वर्षभर तो माळ्यावर असतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी खाली येतो, सजतो आणि मुलासोबत दारोदार फिरतो. काही घरांत तो आजोबांच्या लहानपणचा असतो, तरी मुलाला नवाच वाटतो, कारण मधले दिवस तो नजरेआड होता. घरातही तसेच करावे. थोडी खेळणी बाहेर, बाकीची पेटीत, महिन्याने अदलाबदल.

देऊन टाकणे मात्र नाजूक काम. मागे नाताळसाठी आम्ही जुनी खेळणी मागितली. निम्मी मोडकीच आली. ती कोणाला द्यायची? एक चिंध्यांची बाहुली आईने मुलीला न विचारता दिली होती. मिस्सानंतर ती मुलगी आमच्या दारात येऊन उभी राहिली, तेव्हा बाहुली दुसऱ्या गावी पोहोचली होती. चूक आमचीही, आम्ही फक्त मोठ्यांनाच आवाहन केले होते.

यंदा खोका पुन्हा ठेवला आहे. खेळणे मुलानेच निवडून आणावे. एकच आणले तरी चालेल.