बाटलीतला पाक आणि दोन लिटरची पूड

प्रश्न : आईला बद्धकोष्ठासाठी डॉक्टरांनी लॅक्ट्युलोजचे गोड सिरप दिले आहे. बाबांची बांबोळीच्या इस्पितळात कोलोनोस्कोपी आहे, त्यांना मात्र दोन लिटर पाण्यात कालवायची पूड दिली. दोन्हींनी पोटच साफ होते ना? मग घरातलेच सिरप बाबांनी जास्त घेतले तर? — एक वाचक, पेडणे

उत्तर : तसे करू नका. पोट नीट साफ होणार नाही हा एक भाग, आणि आतड्यात स्फोट होण्याचा धोका हा दुसरा. हसू नका, तसे घडलेले आहे.

दोन्ही औषधे परासरणाने काम करतात. जे आतड्यात शोषले जात नाही ते पाणी धरून ठेवते आणि मल मऊ होतो. फरक पुढे पडतो. लॅक्ट्युलोज ही गॅलॅक्टोज आणि फ्रुक्टोज जोडून केलेली साखर. लहान आतड्याला ती फोडता येत नाही, पण मोठ्या आतड्यातले जिवाणू तिच्यावर ताव मारतात. त्यातून आम्ले तयार होतात आणि वायूही, म्हणून पोट फुगते. या वायूत हायड्रोजन असतो, काहींच्या पोटात मिथेनही. कोलोनोस्कोपी करताना पॉलिप, म्हणजे आतड्याच्या आतला कोंब, सापडला तर तो विजेच्या चटक्याने कापतात, आणि त्या ठिणगीने हा वायू पेटू शकतो. मॅनिटॉल हे पोट साफ करायचे दुसरे गोड औषधही जिवाणूंच्या आवडीचेच. ते देऊन पोट साफ केलेला एक रुग्ण पॉलिप काढताना झालेल्या स्फोटात दगावल्याची नोंद 1979 साली वैद्यकीय नियतकालिकात आली.

बाबांच्या पुडीत पॉलिएथिलिन ग्लायकॉल, म्हणजे पीईजी आहे. जिवाणूंना ते पचत नाही. 1980 मध्ये अमेरिकेत डेव्हिस आणि फोर्डट्रान यांनी त्यात मोजून क्षार मिसळलेले द्रावण मांडले. त्या क्षारांमुळे अंगातले पाणी फारसे ओढले जात नाही आणि प्यालेले पाणीही अंगात मुरत नाही. आतडे धुऊन ते बाहेर पडते. म्हणूनच पाणी सांगितले तेवढेच घ्यायचे, चवीसाठी साखर घालायची नाही.

रोजच्या बद्धकोष्ठालाही पीईजी चालते, पण मोठ्या माणसाला दिवसाला साधारण 17 ग्रॅम. 2010 च्या कॉक्रेन आढाव्यात ते लॅक्ट्युलोजपेक्षा सरस ठरले. तरी आईचे सिरप टाकाऊ नव्हे. त्याला गुण यायला एक-दोन दिवस लागतात, एवढेच. यकृताच्या सिरॉसिसमध्ये तर अमोनिया कमी करायला तेच देतात. मिल्क ऑफ मॅग्नेशिया हे रेचक मात्र मूत्रपिंड अधू असलेल्याने स्वतःच्या मनाने घेऊ नये. पोट साफ करण्याच्या सोडियम फॉस्फेटच्या गोळ्यांवर तर मूत्रपिंडाच्या इजेमुळे 2008 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ठळक इशारा छापायला लावला.

पेडण्याच्या माणसाची खरी अडचण वेगळीच. निम्मे द्रावण आदल्या संध्याकाळी आणि निम्मे तपासणीच्या चार ते सहा तास आधी, अशी विभागणी उत्तम. पण सकाळी नऊची वेळ मिळाली तर पहाटे पिऊन लगेच बांबोळीची बस धरायची? पोट तर नंतरही तास-दोन तास वाहत असते. डिचोलीकरांचेही तेच. उशिराची वेळ मागा, नाहीतर आदल्या रात्री जवळच्या नातेवाइकाकडे मुक्काम करा.

दोन-तीन दिवस आधीपासून तांबडी भाजी आणि अळसांदे बंद. आदल्या दिवशी शहाळे आणि बिनदुधाचा चहा चालेल. सोलकढी आणि तिवळ नको, लाल रंग आत रक्तासारखा दिसतो. बाबांना मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल, अथवा मधुमेहाच्या किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, तर पुडी फोडण्याआधी डॉक्टरांना जरूर सांगा.