बदलता तीळ दाखवायचाय? खकनारहून निघण्याआधी खर्चाचा हिशेब

सत्तरी गाठलेल्या माणसाच्या अंगावर तीळ, मस, चामखीळ काहीच नाही, असं सहसा होत नाही. त्यातलं बहुतेक निरुपद्रवी असतं. पाठीवर, कानशिलावर, छातीवर वरून चिकटवल्यासारखे दिसणारे खरखरीत तपकिरी-काळे डाग वयानेच येतात. पोटावरचे बारीक लाल ठिपकेही तसेच. त्यांच्यापायी रुपयाही खर्च करू नये. खर्चाचा विचार करायचा तो बदलणाऱ्या तिळासाठी.

बदल ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. डागाचे दोन अर्धे एकमेकांशी जुळत नाहीत, कड वेडीवाकडी आहे, एकाच डागात दोन-तीन रंग आहेत, रुंदी सहा मिलिमीटरच्या पुढे गेली आहे. या चार खुणा न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी 1985 साली मांडल्या. डाग बदलतोय का, ही पाचवी खूण 2004 मध्ये जोडली गेली. म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत मी ही पाचवीच पहिली धरेन. साठ वर्षं जसाच्या तसा असलेला तीळ सहसा त्रास देत नाही. गेल्या दिवाळीला नव्हता आणि आता कपड्याला घासून रक्त येतंय, असा डाग मात्र दाखवायलाच हवा.

मेलॅनोमा, म्हणजे तिळासारखा दिसणारा कातडीचा कर्करोग, आपल्याकडे कमी आढळतो. पण होतो तेव्हा तो बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली असतो, म्हणजे नेमका जिथे कोणी पाहत नाही तिथे. गायक बॉब मार्लीच्या पायाच्या अंगठ्यात 1977 साली हाच आजार निघाला, आधी ती फुटबॉलची दुखापत वाटली होती. 1981 मध्ये, वयाच्या 36व्या वर्षी तो गेला. केळीच्या बागेत आणि कपाशीत आयुष्य काढलेल्या पायाला तर कारणांचा तोटा नाही: ठेच लागली असेल, काटा मोडला असेल, कुरूप झालं असेल. त्यात मधुमेह असला, की तळव्यावरची काळी जखम सरळ ‘शुगरची जखम’ ठरते आणि महिनोन् महिने नुसती पट्टी बदलली जाते.

म्हणून पहिली तपासणी घरी, फुकट. आई-बाबांना सकाळच्या उजेडात ओट्यावर बसवा, पाय साबणाने स्वच्छ धुवा, बोटांच्या फटी उघडून बघा, टाचेची कड बघा. नखात काळी रेघ दिसली तर ती नखाच्या मुळाशी कातडीवर पसरली आहे का ते बघा. पसरली असेल तर थांबू नका. मुका मार लागून रक्त साकळलं असेल तर डाग नखाबरोबर हळूहळू पुढे सरकतो. शाळेची पट्टी शेजारी धरून मोबाइलवर फोटो काढा, तारीख राहू द्या. नाकाच्या किंवा डोळ्याच्या कडेला चकचकीत काळसर गाठ असेल, खपली धरते, पडते, पुन्हा धरते, तर तोही कातडीचा कर्करोग असू शकतो. हा वेगळा प्रकार आहे, सावकाश वाढतो. तोही तपासायलाच हवा.

आता पैशांकडे वळू.

खकनारच्या सामुदायिक आरोग्य केंद्रात पर्ची नावापुरत्या पैशांत निघते. तिथे त्वचारोगतज्ज्ञ भेटेलच असं धरू नका. तिथून दोन कामं करून घ्या: लेखी रेफर चिठ्ठी, आणि ई-संजीवनीवर तज्ज्ञाचा सल्ला. ही सरकारी दूर-सल्ला सेवा मोफत आहे, गावच्या आयुष्मान आरोग्य मंदिरातूनही घेता येते. फोटोवरून निदान होत नाही, पण ‘आठवड्यात जा’ की ‘सवडीने दाखवा’ एवढं कळलं तरी बसभाडं वाचतं.

पुढचा टप्पा बुऱ्हाणपूर. जिल्हा रुग्णालयात जाण्याआधी फोन करून त्वचेचे डॉक्टर कोणत्या दिवशी असतात आणि बायोप्सीचा नमुना तिथे तपासतात की बाहेर पाठवतात, हे विचारून घ्या. तिथे जमलं नाही तर खंडवा आणि जळगाव इथली शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, दोन्ही 2018 मध्ये सुरू झालेली. त्याहून मोठं हवं असेल तर इंदूरचं एम. वाय. रुग्णालय. खासगीत जायचं तर बुऱ्हाणपूर-जळगावकडे त्वचारोगतज्ज्ञाची फी साधारण 300 ते 700 रुपये धरून चला, इंदूरला हजारापर्यंत. हे आकडे आणि पुढचे खासगीचे सगळे आकडे अंदाजाचे आहेत, दवाखान्यागणिक बदलतात. फोनवर विचारायला लाजू नका. एक प्रश्न नक्की विचारा: ‘डॉक्टरांकडे डर्मोस्कोप आहे का?’ हे हातात मावणारं भिंगाचं यंत्र आहे, त्यातून डागाची आतली नक्षी दिसते. पुष्कळ डॉक्टर त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत, घेतले तर काहीशेच. कित्येक तीळ इथेच निर्धास्त ठरतात आणि सुरी लागतच नाही.

डॉक्टरांना शंका आली तर बायोप्सी. जागा बधिर करून शक्यतो अख्खा डाग, भोवतीची एक ते तीन मिलिमीटर कातडी धरून, काढतात. तळपायासारख्या जागी डाग मोठा असेल तर त्याच्या सर्वांत संशयित भागाचा तुकडा घेतात. अर्ध्या तासाचं काम, दाखल व्हावं लागत नाही. खासगीत या कामाचे दीड ते पाच हजार लागतात, तुकडा तपासण्याचे निराळे सातशे ते दीड हजार.

आणि नेमकी इथेच काटकसर केली जाते, ती करू नये. ‘काढून टाकला ना, मग तपासायचा कशाला’ म्हणून तुकडा फेकला, की तो काय होता हे पुन्हा कधीच कळत नाही. ब्यूटी पार्लरमध्ये लेझरने जाळलेला, चुना-सोड्याने पाडलेला, घोड्याचा केस बांधून गळवलेला तीळही त्याच हिशेबात बसतो: शे-दोनशेत काम झालं आणि पुरावा गेला. जो तीळ काढायच्या लायकीचा, तो तपासायच्याही लायकीचा.

बाटली बऱ्याचदा नातेवाइकांच्याच हातात देतात, तेव्हा तीन गोष्टी बघा. आतलं पाणी फॉर्मालिन हवं, सलाइन किंवा स्पिरिट नको. तुकडा त्यात बुडून वर भरपूर पाणी राहिलं पाहिजे. आणि चिठ्ठीवर नाव, वय, कोणती बाजू, कोणती जागा हे लिहिलेलं असावं: ‘उजवा तळपाय, टाच’ असं, नुसतं ‘पाय’ नव्हे. रिपोर्टला साधारण आठवडा लागतो. रिपोर्टबरोबर मेणातला ब्लॉक आणि काचपट्ट्या मागून घ्या आणि कपाटात नीट ठेवा. पुढे इंदूर, नागपूर किंवा मुंबईचं टाटा रुग्णालय गाठायची वेळ आली तर तिथे पहिल्यांदा तेच मागतात. नसले तर बायोप्सी दुसऱ्यांदा, खर्चही दुसऱ्यांदा.

वयस्कर माणसाची एक वेगळी काळजी. हृदयाची गोळी, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आपल्या मनाने बंद करू नका. छोट्या बायोप्सीसाठी ती बहुधा चालूच ठेवतात, वॉरफेरिन असेल तर आधी रक्त तपासतात. पेसमेकर असेल तर आधीच सांगा. पायावरचा टाका भरायला वेळ घेतो, तेव्हा पट्टी बदलायच्या फेऱ्या खकनारलाच करता येतील का, हे निघतानाच ठरवा. म्हाताऱ्या माणसाबरोबर एक जण लागतोच. दोघांचं भाडं, जेवण आणि सोबत जाणाऱ्याची बुडालेली मजुरी मिळून डॉक्टरच्या फीपेक्षा जास्त होते. त्यामुळे फोनवर दिवस ठरवणं, तपासणी आणि बायोप्सी एकाच फेरीत उरकता येईल का विचारणं, ही खरी बचत.

रिपोर्टमध्ये मेलॅनोमा निघाला तर एकच आकडा आधी शोधा: ‘ब्रेस्लो’ जाडी, मिलिमीटरमध्ये. 0.8 पेक्षा कमी असेल आणि जखम झालेली नसेल, तर बहुधा भोवतीची सुमारे एक सेंटिमीटर कातडी आणखी काढून नियमित तपासणीवर भागतं. त्यासाठी पेट स्कॅन करत नाहीत. दहा-वीस हजारांचा स्कॅन कोणी लिहून दिलाच तर ‘कशासाठी?’ हे नम्रपणे विचारा. रक्त तपासून मेलॅनोमाचं निदान होत नाही, तेव्हा ‘कॅन्सरचं पॅनेल’ही नको. एक मिलिमीटरच्या पुढे जांघेतल्या किंवा काखेतल्या गाठीची तपासणी सुचवतात, आणि इथून मोठ्या केंद्रातच जावं. पसरलेल्या आजारातल्या नव्या इम्युनोथेरपीच्या औषधांचा एकेक डोस लाखाच्या घरात जातो. वेळेवर काढलेल्या तुकड्याचे हजार रुपये या आकड्याशेजारी ठेवून बघा.

आता योजना. आयुष्मान कार्डावर वर्षाला कुटुंबाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण दाखल झाल्यावर. ओपीडीची बायोप्सी बहुधा खिशातूनच. भरतीआधीचे तीन दिवस आणि नंतरचे पंधरा दिवस मात्र त्यात धरले जातात, म्हणून शस्त्रक्रियेआधीच्या तपासण्या त्याच रुग्णालयात, त्याच सुमारास करा. 29 ऑक्टोबर 2024 पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, याच योजनेचं वय वंदना कार्ड मिळतं. त्यासाठी आधारवरचं वय बघतात. आपल्याकडच्या कित्येक म्हाताऱ्यांच्या आधारवर जन्मतारीख 1 जानेवारीच असते आणि साल अंदाजाने टाकलेलं. ते खऱ्या वयापेक्षा कमी लागलं असेल तर दुरुस्ती आजच सुरू करा, आजारपणात ती होत नाही.

जळगाव-अकोल्याकडच्या पाहुण्यांचा सल्ला ऐकताना सावध राहा. ‘आमच्याकडे फुले योजनेत सगळं फुकट झालं’ हे खरं असेल, पण महात्मा जोतिराव फुले योजना महाराष्ट्राच्या रहिवाशांची आहे. खकनारच्या, म्हणजे मध्य प्रदेशच्या, रेशनकार्डावर ती मिळत नाही. तुमचं आयुष्मान कार्ड मात्र दुसऱ्या राज्यातल्या यादीतल्या रुग्णालयातही चालतं. रुग्णालय यादीत आहे का, हे 14555 वर विचारा आणि तिथल्या आयुष्मान मित्राला दाखल होण्याआधी भेटा, नंतर नव्हे.

मुंबईला किंवा नागपूरला उपचाराला जायचं ठरलं तर बुऱ्हाणपूरहून रेल्वेचं तिकीट पूर्ण भावाने काढू नका. ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च 2020 पासून बंद आहे, कर्करोगाच्या रुग्णाची सवलत सुरू आहे. स्लीपर आणि थर्ड एसीत रुग्णाचं मूळ भाडं पूर्ण माफ, सोबत्याला 75 टक्के सूट. त्यासाठी रेल्वेच्या ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं, ते उपचार करणाऱ्या रुग्णालयातून पहिल्याच भेटीत सही-शिक्क्यानिशी घेऊन ठेवा.