आईच्या जिभेवरून पिल्लाच्या पोटात

कुत्र्याच्या जठरात राहणारे हेलिकोबॅक्टर हे मळसूत्रासारखे पिळदार जीवाणू ट्यूरिनच्या जूलिओ बिझोझेरो यांनी १८९३ मध्येच पाहिले होते. माणसाच्या जठरातील त्यांचे भाऊबंद वॉरन आणि मार्शल या संशोधकांनी उजेडात आणले ते त्यानंतर सुमारे नव्वद वर्षांनी. जठरातील आम्लात बहुतेक जीवाणू मरतात, परंतु हे जीवाणू युरिएज नावाच्या विकराच्या, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाच्या, साहाय्याने युरियापासून अमोनिया तयार करून भोवतालचे आम्ल सौम्य करतात आणि अस्तरावरील चिकट थरात मुक्काम ठोकतात.

हे जीवाणू आईकडून पिल्लांकडे आणि पिल्लांपिल्लांतही जातात, असे फिनलंडमधील संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवले. आई पिल्लांना सतत चाटते, त्यांची घाण जिभेनेच साफ करते आणि दूध तुटण्याच्या सुमारास काही वेळा अर्धवट पचलेले अन्न त्यांच्यापुढे ओकून ठेवते (सोसायटीत त्यावरून आजाराची हाकाटी होते, वास्तविक ते पिल्लांचे जेवण असते), तेव्हा संसर्गाला वाटा पुष्कळ असतात.

प्रस्तुत लेखकाच्या मुलुंडच्या घरातील गावठी कुत्रीला हा संसर्ग असल्याचे ती गाभण राहण्यापूर्वीच दुर्बिणीच्या तपासणीत आढळले होते. त्यामुळे तिची तीन आठवड्यांची पिल्ले ओकू लागताच घरच्यांनी निष्कर्ष काढला, पिल्ले आईपासून तोडली आणि तिच्या उरलेल्या प्रतिजैविकांच्या गोळ्यांचे तुकडे त्यांना चारले. पिल्लांना जुलाब लागले, वजन घटले, आणि अखेरीस विष्ठेच्या तपासणीत सापडली ती गोल जंतांची अंडी. हे जंत गर्भाशयातच नाळेवाटे, तसेच दुधातूनही पिल्लांत शिरतात, म्हणून जंतनाशक वयाच्या दुसऱ्या आठवड्यापासून, पशुवैद्याने वजनावरून ठरवलेल्या मात्रेत, द्यावे लागते. ते देण्याचे घरात कोणाला सुचले नव्हते.

हेलिकोबॅक्टर निरोगी कुत्र्यांतही इतका सर्रास आढळतो की तो सापडणे म्हणजे आजाराचे कारण सापडणे नव्हे. लक्षणे नसलेल्या आईला वा पिल्लांना त्यासाठी औषध देण्याचे प्रयोजन नसते, आणि तेवढ्यासाठी दूध तोडणे तर निव्वळ नुकसानीचे ठरते. अंधेरी-बोरिवलीच्या इमारतींखाली व्यालेल्या भटक्या कुत्रीची पिल्ले दयेपोटी लवकर उचलून नेणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे. उलट लस पूर्ण न झालेले पिल्लू ओकत असेल, मलूल पडले असेल आणि त्याच्या जुलाबात रक्त दिसत असेल, तर पार्वो या विषाणूजन्य रोगाचा संशय धरून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. जाताना ताज्या विष्ठेचा नमुना डबीत घालून न्यावा.