नूतनीकृत लॅपटॉप : घ्यावा की न घ्यावा?

यवतमाळ जिल्ह्यातील शेतकरी बैलजोडी घेताना केवळ रंगावर वा शिंगांच्या डौलावर भाळत नाही. तो बैलाचे दात पाहतो, त्याला चालवून पाहतो आणि मगच सौद्याला बसतो. वय किती झाले व पुढे किती हंगाम काम होईल, हे दोन प्रश्न त्याच्या मनात किमतीच्याही आधी येतात. वापरून झालेला आणि दुरुस्त करून पुन्हा विक्रीस आलेला लॅपटॉप घेताना हेच दोन प्रश्न विचारावयाचे असतात. तेथे मात्र आपण बहुधा किमतीपाशीच थांबतो.

हा विषय आज घरोघरी पोहोचला आहे. शिष्यवृत्तीचे व प्रवेशाचे अर्ज, एमएस-सीआयटीसारखे अभ्यासक्रम, महाविद्यालयीन प्रकल्प ही सारी कामे संगणकावाचून अडतात. ग्रामपंचायतींचे हिशेब २०२० पासून ‘ई-ग्रामस्वराज’ प्रणालीवर नोंदविले जातात. अशा वेळी नव्याच्या निम्म्या किमतीत लॅपटॉप मिळत असेल, तर कापूस विकून आलेल्या पैशातून मुलीच्या शिक्षणाची सोय करणाऱ्या पालकास तो आधार वाटणे स्वाभाविक आहे. तो आधार खरा ठरावा, यासाठी पुढील विवेचन आहे.

नूतनीकृत कशाला म्हणावे?

मोठ्या शहरांतील कंपन्या आपले लॅपटॉप साधारणत: तीन-चार वर्षे वापरून बदलतात. हे लॅपटॉप मजबूत बांधणीचे असतात व बाजारात एकगठ्ठा येतात. त्यांची तपासणी करून, झिजलेले भाग बदलून, जुनी माहिती पूर्णपणे पुसून आणि लेखी हमी देऊन जो विकला जातो, तो नूतनीकृत, म्हणजेच बाजारातील भाषेत ‘रिफर्बिश्ड’ लॅपटॉप होय. केवळ पुसून चकचकीत केलेला लॅपटॉप हा जुनाच समजावा. केंद्र शासनाचे ई-कचरा व्यवस्थापनाचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले असून, त्यांनुसार नूतनीकरणाचा व्यवसाय करणाऱ्यांनी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करणे आवश्यक आहे. लॅपटॉपचे नूतनीकरण कोणी केले व त्याची नोंदणी आहे काय, हे विक्रेत्यास अवश्य विचारावे.

वय कसे ओळखावे?

बैलाचे वय दातांवरून कळते. लॅपटॉपचे वय प्रोसेसरच्या क्रमांकावरून कळते. इंटेल कंपनीच्या ‘आय-५ ८२५०’ या क्रमांकातील आरंभीचा ८ हा आकडा आठवी पिढी दर्शवितो, तर ‘आय-५ १०२१०’ मधील १० हा दहावी पिढी. ‘आय-५ आहे’ एवढ्याच सांगण्याला अर्थ नाही, कारण आय-५ अनेक पिढ्यांत निघाले आहेत.

पिढीला एवढे महत्त्व देण्याचे कारण असे की, ‘विंडोज १०’ या ऑपरेटिंग सिस्टीमला कंपनीकडून मिळणारे सर्वसाधारण पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. पुढील ‘विंडोज ११’ साठी, थोडे अपवाद वगळता, इंटेलची किमान आठवी पिढी आणि ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षा-सुविधा लागते. म्हणजे साधारणत: २०१८ पूर्वीचे लॅपटॉप या कक्षेबाहेर राहतात. काही विक्रेते अशा लॅपटॉपवरही आडमार्गाने विंडोज ११ चढवून देतात. पण पुढील सुधारणा त्यावर मिळतीलच याची शाश्वती नसते. लिनक्स प्रकारची मोफत प्रणाली हा एक चांगला पर्याय आहे. सी-डॅक या संस्थेने भारतीय भाषांची सोय असलेली ‘बॉस’ ही प्रणाली तयार केली आहे. मात्र आपले डिजिटल स्वाक्षरीचे वा बोटांचे ठसे घेण्याचे उपकरण तिच्यावर चालते काय, हे आधी पाहून घ्यावे.

किमतीचा खरा हिशेब

किंमत पाहताना ती सेवेच्या वर्षांनी भागावी. मानू या की, नवा लॅपटॉप ३८,००० रुपयांना मिळतो व सहा वर्षे चालतो. वर्षाचा खर्च सुमारे ६,३३० रुपये झाला. नूतनीकृत लॅपटॉप १८,००० रुपयांना मिळाला व बॅटरीसाठी आणखी ३,००० रुपये पडले, तर एकूण २१,००० रुपये झाले. तो चार वर्षे चालला, तर वर्षाला ५,२५० रुपये पडतात आणि व्यवहार फायद्याचा ठरतो. दोनच वर्षे चालला, तर हाच आकडा १०,५०० वर जातो. या उदाहरणात लॅपटॉप निदान तीन वर्षे चार महिने टिकला तरच तो स्वस्त म्हणता येईल. आपल्या बाजारातील प्रत्यक्ष किमती घालून हे गणित प्रत्येकाने खरेदीपूर्वी कागदावर मांडावे.

खरेदीपूर्वीची तपासणी

विक्रेत्याकडे निदान अर्धा तास बसून पुढील गोष्टी स्वत: पाहाव्यात.

१. बॅटरी : विंडोजमधून बॅटरीचा अहवाल काढता येतो. त्यात मूळ क्षमता व आजची क्षमता दोन्ही दिसतात. आजची क्षमता बरीच घटली असेल, तर नव्या बॅटरीची किंमत सौद्यातून वजा करावी. उष्णतेने बॅटरी लवकर झिजते. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जाणाऱ्या आपल्या जिल्ह्यात ही बाब दुर्लक्षून चालणार नाही.

२. साठवण व स्मृती : जुन्या फिरत्या चकतीऐवजी ‘एसएसडी’ असावी आणि रॅम ८ जीबी असावी. संथ लॅपटॉपचा वेग एसएसडीने लक्षणीय वाढतो.

३. अंग-उपांगे : प्रत्येक कळ दाबून पाहावी. पडद्यावरील डाग, बिजागरी, कॅमेरा, आवाज, वाय-फाय व प्रत्येक यूएसबी जोडणी तपासावी. पंखा धुळीने भरला असल्यास लॅपटॉप पटकन तापतो.

४. ओळख : लॅपटॉपच्या खाली छापलेला अनुक्रमांक, आतील बायोसमध्ये दिसणारा अनुक्रमांक आणि पावतीवरील अनुक्रमांक एकच असावा. बायोसला पूर्वीच्या मालकाचा पासवर्ड असेल, तर तो लॅपटॉप घेऊ नये.

पावतीचे मोल

जीएसटीची पावती व लेखी हमी यांवाचून व्यवहार करू नये. चोरीची वस्तू आहे हे माहीत असून, किंवा तसे मानण्यास कारण असूनही ती घेणे, हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ अन्वये गुन्हा आहे. फसवणूक झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडेही दाद मागता येते. या दोन्ही ठिकाणी पावती हाच पहिला पुरावा असतो. हमीचे काम कोठे होणार, हेही लिहून घ्यावे. झरी-जामणी किंवा उमरखेड तालुक्यातील खेड्यातून दुरुस्तीसाठी दिल्ली-मुंबईस लॅपटॉप पाठवावा लागत असेल, तर त्या हमीचा उपयोग थोडा.

कार्यालये आणि शाळा

विद्यार्थ्याचा अभ्यास, मराठी टंकलेखनाचा सराव, शाळेतील प्रात्यक्षिके यांसाठी योग्य पिढीचा, पारखून घेतलेला नूतनीकृत लॅपटॉप निश्चित उपयुक्त आहे. ग्रामपंचायतीच्या मुख्य संगणकाची गोष्ट निराळी. त्यावर गावकऱ्यांचे दाखले, आधारविषयक तपशील आणि सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी यांच्या डिजिटल स्वाक्षऱ्या वापरल्या जातात. सुरक्षा-सुधारणा न मिळणाऱ्या संगणकावर ही कामे करणे म्हणजे दप्तराचे कपाट उघडे टाकण्यासारखे आहे. तेथे शासकीय खरेदीच्या नियमांनुसार नवा संगणक घेणेच श्रेयस्कर.

लोकसहभागातून शाळांना जुने संगणक भेट मिळतात. दात्यांचे आभार मानावेत, पण संगणक स्वीकारण्यापूर्वी तपासणी तीच करावी. अन्यथा वर्गखोलीचा कोपरा बंद यंत्रांनी भरतो आणि त्यांची विल्हेवाट मुख्याध्यापकांच्या माथी येते. आपला जुना संगणक बाहेर देतानाही त्यातील माहिती पूर्णपणे पुसून टाकावी.

सारांश, काम कोणते, पिढी कोणती, वर्षे किती आणि पावती आहे काय, या चारही प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील, तर नूतनीकृत लॅपटॉप संकोच न बाळगता घ्यावा. एकाचे जरी उत्तर मिळाले नाही, तर किंमत कितीही कमी असली तरी रिकाम्या हाताने परतावे. बाजारातून बैल न घेता परतलेल्या शेतकऱ्याला गावात कोणी हसत नाही. पारख न करता घेऊन आलेल्याला मात्र पेरणीच्या वेळी पश्चात्ताप होतो.