सोप्या भाषेतील आरोग्यपत्रक

बुद्धवचन छंदस् भाषेत घालू द्यावे, ही दोन भिक्खूंची विनंती तथागतांनी नाकारली व ते आपापल्या भाषेत शिकण्याची अनुज्ञा दिली, असे चुल्लवग्गात आहे. प्रौढ नवसाक्षरांसाठी लिहिणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

'अतिसारात निर्जलीकरण टाळण्यासाठी क्षार-शर्करा द्रावणाचे सेवन करावे.' वाक्य शुद्ध आहे. पण ज्या आईला त्याची गरज, तीच येथे अडते. तिच्यासाठी असे लिहावे : 'जुलाबाने बाळाच्या अंगातले पाणी जाते. एक लिटर उकळून गार केलेले पाणी घ्या. चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घाला. थोडे थोडे पाजा. अंगावरचे दूध चालू ठेवा.'

यातला 'सपाट' शब्द गाळला तर मीठ जास्त पडते, आणि ते बाळाला घातक असते. सोपे लिहिणे म्हणजे कमी सांगणे नव्हे. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ-ग्लुकोजचे असे पाणी रुग्णांच्या नातेवाइकांकडूनच पाजवले व असंख्य प्राण वाचले.

पत्रक छापण्यापूर्वी विहारातील वाचनवर्गातल्या दोघी-तिघींकडून मोठ्याने वाचून घ्यावे. त्या अडखळतील तो शब्द बदलावा, मग तो आम्हा पदवीधरांना कितीही प्रिय असो.