खेळाच्या गवतासाठी संशोधन संस्था कशाला?

प्रश्न : विम्बल्डनचा सामना पाहताना समालोचकाने सांगितलं, की तिथल्या कोर्टांची तपासणी गवतावर संशोधन करणारी एक संस्था करते. गवत तर आमच्या बांधावरही न पेरता उगवतं. त्यासाठी संस्था कशाला लागते? ती कोणी आणि कधी काढली?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तुम्ही ऐकलेली संस्था म्हणजे इंग्लंडमधली ‘स्पोर्ट्‌स टर्फ रिसर्च इन्स्टिट्यूट’, थोडक्यात एसटीआरआय. यॉर्कशरमध्ये ब्रॅडफर्डजवळ बिंग्ली नावाचं गाव आहे. तिथल्या सेंट आयव्ह्‌ज इस्टेटीत १९२९ साली ती सुरू झाली. तेव्हा तिचं नाव ‘बोर्ड ऑफ ग्रीनकीपिंग रिसर्च’ असं होतं आणि ती काढली होती गोल्फच्या संघटनांनी.

आधी बांधावरच्या गवताचं बघू. त्याच्याकडून कोणी काही मागत नाही. वाढेल तितकं वाढतं, गुरं चरतात, पुन्हा फुटतं. गोल्फमध्ये चेंडू ज्या हिरवळीवरून छिद्रात ढकलायचा असतो, त्या ‘ग्रीन’वरचं गवत मात्र सतत जेमतेम काही मिलिमीटरवर कापलेलं ठेवावं लागतं. गवत आपलं अन्न पानात तयार करतं. पानच छाटलं की अन्न कमी पडतं, मुळं आखूड राहतात, आणि आखूड मुळांचं गवत उन्हाला, रोगाला, बुटांच्या घासण्याला लवकर बळी पडतं. त्यातून ते एकसारखं हवं, चेंडू कुठेही अडखळता कामा नये. इतक्या उलटसुलट अटी घालून एखादं पीक वाढवायचं म्हटलं, तर त्याचा वेगळा अभ्यास लागणारच.

ही संस्था निघण्यापूर्वी प्रत्येक क्लबचा ग्रीनकीपर, म्हणजे हिरवळीची निगा राखणारा माणूस, आपापल्या अनुभवावर काम करायचा. त्यातले कित्येक जण फार जाणकार होते, पण एकाचा अनुभव दुसऱ्या मैदानापर्यंत क्वचितच पोचायचा. बाहेरून सल्ला मिळे तो बहुधा बियाणं आणि खतं विकणाऱ्या कंपन्यांकडून. साहजिकच त्या सल्ल्याच्या शेवटी काहीतरी विकत घ्यावं लागे. अमेरिकेतल्या गोल्फ संघटनेने १९२० सालीच आपला ‘ग्रीन सेक्शन’ काढून या प्रश्नाला हात घातला होता. ब्रिटनमध्ये क्लबांच्या वर्गणीवर तसंच काम उभं राहिलं. प्रयोगाचे वाफे बिंग्लीत ठेवायचे, निष्कर्ष नियतकालिकात छापायचे आणि तज्ज्ञाने मैदानावर जाऊन सल्ला द्यायचा, अशी घडी बसली. संशोधन आणि सल्ला एकाच छपराखाली ठेवले, हेच या संस्थेचं खरं वैशिष्ट्य आहे असं मला वाटतं. संशोधकाला मैदानावरची अडचण रोज कळत राहिली आणि ग्रीनकीपरला विक्रीचा हेतू नसलेला सल्ला मिळाला. पहिले संचालक आर. बी. डॉसन यांनी १९३९ साली घरच्या हिरवळीसाठीही उपयोगी पडेल असं पुस्तक लिहिलं. त्यामुळे हे ज्ञान क्लबांच्या कुंपणाबाहेर गेलं.

त्या काळातला एक मोठा प्रश्न होता गांडुळांचा. शेतकऱ्याचा हा मित्र ग्रीनकीपरला नकोसा, कारण तो रात्रीतून मातीच्या बारीक ढिगाऱ्या वर आणून टाकतो. त्यावर पाय पडला की चिखल पसरतो, खालचं गवत गुदमरतं आणि त्या मोकळ्या मातीत तण रुजतं. यावरचा तेव्हाचा एक प्रचलित उपाय हिंदुस्थानातून जात असे. तो म्हणजे मोहाच्या बियांचं तेल काढल्यावर उरलेली पेंड. तिकडे ती ‘मौरा मील’ या नावाने विकली जाई. पेंड हिरवळीवर पसरायची, वर भरपूर पाणी मारायचं, की थोड्याच वेळात गांडुळं वर येत आणि माणसं ती झाडून गोळा करत. हा गुण पेंडीतल्या सॅपोनिन या द्रव्याचा. मत्स्यतळ्यातले नको असलेले मासे काढण्यासाठी आपल्याकडे मोहाची पेंड वापरतात, तिथेही हेच द्रव्य काम करतं.

पुढे मोहाची पेंड मागे पडली आणि लेड आर्सेनेट आलं, मग क्लोरडेन. दोन्ही प्रभावी, दोन्ही विषारी. क्लोरडेनचा हा वापर ब्रिटनमध्ये १९९२ अखेर बंद झाला. आता कापलेलं गवत मैदानावर कुजू न देणं, मातीचा सामू (आंबटपणाचं माप) सांभाळणं, ढिगाऱ्या वाळल्यावर झाडून पसरवणं अशा साध्या कामांवर भर असतो.

सामूचा विषय निघालाच आहे, तर त्याचीही गोष्ट सांगायला हवी. इंग्लंडमध्येच रॉथमस्टेड येथे १८५६ सालापासून एका कुरणावर खतांचा प्रयोग सुरू आहे. तो आजही चालू आहे. तिथे अमोनियम सल्फेट सतत दिलेल्या वाफ्यांमधली माती आंबट झाली आणि बऱ्याच वनस्पती त्यातून नाहीशा झाल्या. ग्रीनकीपिंगमधल्या मंडळींनी यातून धडा घेतला. फेस्क्यू आणि बेंट ही बारीक पानांची गवतं आंबट माती सहन करतात, तिपतिया, डेझीसारखं तण आणि गांडुळं मात्र मागे हटतात. मग अमोनियम सल्फेट हे ग्रीनचं हुकमी खत झालं. पण तेही अति झालं की माती प्रमाणाबाहेर आंबट होते, कुजायची क्रिया मंदावते, मेलेल्या काड्यांचा थर साठतो आणि हवं ते गवतही दुबळं पडतं. खत किती घातलं म्हणजे पुरे, हे दरवेळी मातीला विचारूनच ठरवावं लागतं. वाफे आखून वर्षानुवर्षं नोंदी ठेवण्याचं मोल इथे कळतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर फुटबॉल, क्रिकेट, टेनिस, बोलिंग या खेळांचे प्रश्नही संस्थेकडे येऊ लागले होते. त्यामुळे १९५१ साली तिचं नाव बदलून आजचं नाव ठेवलं गेलं. १९६९ साली हिरवळीच्या संशोधकांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद यॉर्कशरमध्येच, हॅरोगेटला भरली.

१९७०च्या दशकात माइक कॅनवे यांनी बिंग्लीत एक यंत्र तयार केलं. त्याचे दोन रूळ वेगवेगळ्या गतीने फिरतात, त्यामुळे ते गवतावरून नुसते जात नाहीत, तर घसरत, ओरबाडत जातात. खेळाडू धावता धावता वळतो तेव्हा बुटाखाली नेमकं हेच होतं. या यंत्रामुळे खेळाडूंची वाट न बघता कोणतं वाण किती झीज सोसतं हे वाफ्यावरच तपासता येऊ लागलं. मग फुटबॉलच्या मैदानाचा दर्जाही आकड्यांत मांडला गेला. बुटाचे स्टड बसवलेली एक तबकडी वजनाखाली मैदानावर टेकवायची आणि ती फिरवायला किती जोर लागतो हे मोजायचं. त्यावरून पायाची पकड कळते. तीन मीटरवरून चेंडू टाकायचा आणि तो किती वर येतो ते पाहायचं. मूळ उंचीच्या २० ते ५० टक्के उसळी चांगली, असा निकष कॅनवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुचवला. मैदान बरं आहे की वाईट, हा वाद त्यामुळे मोजमापाने मिटवता येऊ लागला.

आता तुमच्या विम्बल्डनकडे वळू. पूर्वी तिथल्या कोर्टांवर ७० टक्के रायग्रास आणि ३० टक्के तांबडं फेस्क्यू असं मिश्रण पेरत असत. रायग्रास हे मुळात गुरांच्या कुरणाचं गवत. जाड पानाचं म्हणून एके काळी हिरवळीची मंडळी त्याला कमी लेखत. पैदासकारांनी त्याचे बुटके, बारीक पानाचे, दाट फुटव्याचे वाण काढले आणि चाचण्यांतून त्यांचा टिकाऊपणा सिद्ध होत गेला. आधुनिक टेनिसची झीज सोसायची तर निव्वळ बहुवर्षायू रायग्रास पेरणं उत्तम, असं या संस्थेच्या संशोधनातून निघालं. २००१ पासून तिथे १०० टक्के रायग्रास आहे. स्पर्धेच्या काळात त्याची उंची ८ मिलिमीटर ठेवतात. त्यापेक्षा खाली कापलं तर गवत पंधरवडाभर तग धरत नाही, आणि वाढू दिलं तर चेंडू हवा तसा येत नाही.

हे वाचून आपल्या मैदानांवर रायग्रास पेरावं असं कोणाला वाटेल, तर ते करू नये. ते थंड हवेचं गवत आहे, आपल्या उन्हाळ्यात टिकणार नाही. आपल्याकडे मैदानाला शोभतं ते हरळीचं गवत. ते कडक ऊन सोसतं, तुडवलं तरी जमिनीलगतच्या धावत्या फांद्यांतून पुन्हा भरून येतं. पण ते सावलीत दम धरत नाही आणि घट्ट बसलेल्या जमिनीत त्याचीही मुळं आखडतात. म्हणजे बिंग्लीचं बियाणं आपल्या कामाचं नाही, तिथली मोजून ठरवण्याची रीत मात्र पूर्णपणे आपल्या कामाची आहे.

म्हणून तुम्हाला आणि गावोगावच्या क्रीडा मंडळांना, शाळांना माझं एक सांगणं आहे. मैदानावर मुरूम, माती किंवा खत टाकण्यापूर्वी खुरप्याने वीतभर खोल उकरून बघा. मुळं किती खोल गेली आहेत, पाणी कुठे अडतंय, हे तिथेच दिसेल. मग मातीचा नमुना तपासून घ्या. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठं आपल्या राज्यात आहेत. उसाच्या आणि कापसाच्या मातीसाठी आपण त्यांच्याकडे जातो, तसंच मुलं खेळतात त्या मातीसाठीही जा. मैदानाला बक्षीस समारंभाच्या मांडवाइतका खर्च लागत नाही. त्याला वर्षभर लक्ष देणारा एक माणूस लागतो, आणि त्या माणसाला विचारायला एक जाणकार लागतो.